ज्याच्या डोक्यावरून ड्रोन जातो

धंद्यासाठी ड्रोन वापरू द्यावेत का, या वादात बहुतेक वेळा दोघेच बोलतात. ड्रोन उडवू पाहणारी कंपनी आणि परवाना देणारं किंवा नाकारणारं सरकार. मध्येच कधीतरी ग्राहकाचं नाव निघतं, कारण त्याला वस्तू लवकर मिळणार असते. पण ड्रोन उडाला की आणखी एक माणूस त्या व्यवहारात ओढला जातो. तो कंपनीचा नोकर नाही, गिऱ्हाईक नाही, त्याने कुठल्याही कागदावर सही केलेली नाही. तो अंगणात कपडे वाळत घालत असतो, रस्त्याने चालत असतो, नाहीतर रात्रपाळी करून दुपारी झोपलेला असतो. ड्रोन पडला तर त्याच्यावर पडेल, आवाज त्याच्या कानात जाईल, कॅमेऱ्यात तो दिसेल आणि नफ्यातला पैसाही त्याच्या वाट्याला येणार नाही.

माझं मत आधीच सांगतो. धंद्यांना ड्रोन वापरू द्यावेत आणि जिथे शक्य आहे तिथे अगदी मोकळेपणाने वापरू द्यावेत. मात्र ती मोकळीक किती असावी, हे या खालच्या माणसाकडे पाहून ठरावं.

सुरुवातीच्या वर्षांत ते तसं ठरलं नाही. तेव्हाची कसोटी सोपी होती: उडवणाऱ्याला पैसे मिळतात का? अमेरिकेच्या केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाने २००७ साली जाहीर केलेल्या धोरणाचा मथितार्थ असा, की हौसेखातर छोटं विमान उडवणाऱ्याला फारशी आडकाठी नाही, पण तसलंच यंत्र धंद्यासाठी उडवायचं तर वेगळी परवानगी हवी. ती मिळणं इतकं दुरापास्त होतं, की २०१४ च्या सप्टेंबरात चित्रीकरण करणाऱ्या सहा कंपन्यांना सूट मिळाली तेव्हा तीच मोठी बातमी झाली. सर्वांसाठीचा नियम, म्हणजे ‘पार्ट १०७’, लागू व्हायला २०१६ चा ऑगस्ट उजाडला. भारतात २०१४ च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एक सूचना काढून नागरी ड्रोनवर जवळपास सरसकट बंदी घातली. बाजारात ड्रोन मात्र मिळत राहिले.

पैशाची ही कसोटी मुळातच चुकीच्या जागी बोट ठेवते. सकाळी खोकं उघडून दुपारी गर्दीच्या मैदानावर ड्रोन उडवणारा हौशी माणूस तिच्यात बसतो आणि निर्मनुष्य खाणीचं मोजमाप करायला आलेला प्रशिक्षित सर्वेक्षक बसत नाही. दोन किलोची वस्तू शंभर मीटरवरून सुटली आणि हवेचा अडथळा हिशोबात धरला नाही, तर जमिनीवर टेकताना तिचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास असतो. ज्याच्या डोक्यात ती पडते, त्याला ती उडवणाऱ्याने मोबदला घेतला होता की नव्हता याने काय फरक पडणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो कारभार होता. २०१७ च्या सप्टेंबरात न्यूयॉर्कजवळ अमेरिकी लष्कराच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरला एक ड्रोन धडकला. तो उडवणारा हौशी होता आणि ड्रोन त्याच्या नजरेच्या टप्प्यापलीकडे गेलेला होता. २०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसच्या वणव्यावर पाणी टाकणाऱ्या विमानाच्या पंखाला एका ड्रोनने भोक पाडलं आणि ऐन गरजेच्या वेळी ते विमान जमिनीवर बसून राहिलं. तोही धंद्याचा ड्रोन नव्हता.

म्हणजे व्यावसायिक आहे म्हणून सुरक्षित आहे, असंही नाही. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीतल्या मादोन्ना दि कांपील्यो इथे विश्वचषक मालिकेतली स्कीइंगची शर्यत सुरू होती. ऑस्ट्रियाचा मार्सेल हिर्शर उतारावरून वळणं घेत खाली येत असताना दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणासाठी उडवलेला मोठा ड्रोन त्याच्या पाठीमागे, अगदी हातभर अंतरावर, बर्फात आदळून फुटला. तो ड्रोन भाड्याने बोलावलेल्या जाणकारांनीच उडवलेला होता. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने त्यानंतर शर्यतींत ड्रोनला मनाई केली.

युरोपीय संघाने यातून शहाणपणाची वाट काढली, असं मला वाटतं. ३१ डिसेंबर २०२० पासून तिथे लागू झालेल्या नियमांत हौस आणि धंदा हा भेदच नाही. वजन किती, माणसांच्या किती जवळून उडणार, नजरेच्या टप्प्यात राहणार की पलीकडे जाणार, यावरून जोखमीच्या तीन श्रेणी ठरतात. कमी जोखमीच्या उड्डाणाला आधी परवानगी लागत नाही, मधल्या श्रेणीत ती बहुधा लागते आणि सर्वांत वरच्या श्रेणीत जवळजवळ प्रवासी विमानासारखं प्रमाणपत्र लागतं. खालच्या माणसाला धोका किती, एवढाच प्रश्न इथे विचारला जातो.

हा प्रश्न विचारला की धंद्याच्या वापरातला मोठा भाग वादाबाहेर निघून जातो, हे बंदी मागणाऱ्यांनी नीट पाहावं. पवनचक्कीच्या पात्याला भेग गेली आहे का, हे पाहायला माणूस दोराला लटकून खाली उतरतो. तेलाच्या रिकाम्या टाकीत, बॉयलरच्या पोटात, जिथे हवा कधी विषारी होईल याचा नेम नसतो, तिथे माणूस आत शिरून भिंती तपासतो. पुलाच्या पोटाखालची तपासणी करायला परांची बांधावी लागते किंवा वाहतूक अडवून क्रेन लावावी लागते. मोबाइलच्या टॉवरवर चढणारे पडून मरतात. या प्रत्येक ठिकाणी पहिली पाहणी ड्रोन करू शकतो, आणि टाकीच्या आत जाण्यासाठी तर जाळीच्या पिंजऱ्यात बसवलेले खास ड्रोन आहेत, जे भिंतीला आपटले तरी पुढे सरकतात. दुरुस्तीला माणूस लागेलच, पण नुसतं बघायला म्हणून जीव टांगणीला लावायची गरज उरत नाही. दोरावर उतरणाऱ्यांचं काम कमी होईल ही चिंता खरी आहे आणि त्यांना ड्रोन चालवायला, त्याने टिपलेली भेग वाचायला शिकवणं ही मालकाची जबाबदारी मानली पाहिजे. पण ते काम जीवघेणंच राहू द्यावं, हा त्यावरचा उपाय नव्हे.

शेतावरच्या फवारणीचंही तेच. जपानमध्ये यामाहा कंपनीने १९८७ साली भातशेतीवर फवारणी करणारं मानवरहित हेलिकॉप्टर बाजारात आणलं, म्हणजे ड्रोन हा शब्द लोकांच्या तोंडी येण्याच्या कितीतरी आधी. पाठीवर पंप घेऊन विषारी धुक्यातून चालणारा माणूस त्या धुक्याबाहेर आला, हा फायदा लहान नाही. फक्त वाऱ्याने ते औषध शेजारच्या शेतात जाऊ नये, हे पाहावं लागतं. म्हणजे पुन्हा खालचा आणि बाजूचा माणूस.

आणि रवांडा. २०१६ च्या ऑक्टोबरात तिथे झिपलाइन या कंपनीने ड्रोनने रक्त पोचवायला सुरुवात केली. पंख असलेलं छोटं विमानच म्हणा ते. रुग्णालयाच्या आवारावर येतं, हवाई छत्रीला बांधलेली पेटी खाली सोडतं आणि न उतरता परत जातं. प्लेटलेट्स साधारण पाच दिवसच टिकतात. डोंगराळ भागातल्या लहान रुग्णालयाने त्या साठवल्या तर वाया जातात आणि साठवल्या नाहीत तर बाळंतपणात रक्तस्राव सुरू झालेल्या बाईला तासन्तास वाट पाहावी लागते. साठा एका ठिकाणी ठेवून मागणी येताच पाठवता आला, की दोन्ही अडचणी एकदम सुटतात. तिथल्या रुग्णालयांच्या नोंदींचा अभ्यास ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२२ साली आला. मुदत संपून वाया जाणाऱ्या रक्तघटकांचं प्रमाण ६७ टक्क्यांनी घटल्याचं त्यात आढळलं. झिपलाइन ही नफा कमावू पाहणारी खासगी कंपनी आहे. ‘सेवेला परवानगी द्या, धंद्याला नको’ म्हणणाऱ्यांनी इथे थांबून विचार करावा. ती सेवा धंद्यानेच उभी केली आणि सरकारने त्याला गिऱ्हाईक होऊन साथ दिली.

माझी खरी काळजी इथून पुढे सुरू होते. रक्ताच्या पिशवीचं नाव पुढे करून कॉफीच्या कपालाही तीच मोकळीक मागितली जाते. २०१३ च्या डिसेंबरात ॲमेझॉनच्या जेफ बेझोस यांनी अर्ध्या तासात घरपोच वस्तू देणारे ड्रोन चार-पाच वर्षांत येतील असं दूरचित्रवाणीवर सांगितलं. तो अंदाज पार चुकला. बॅटरी, वजन, पाऊस, नियम, सगळंच आड आलं. पण आता अनेक ठिकाणी घरपोच ड्रोन खरोखर उडू लागले आहेत. अशा सेवेत खालचा माणूस अपवादाने येत नाही. शेकडो घरांवरून जाणं हाच त्या सेवेचा पाया आहे.

घरावरचं आकाश कोणाचं, हा प्रश्न जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या ग्रीन्सबरोजवळ कॉझ्बी नावाचं कुटुंब कोंबड्या पाळत होतं. लष्कराची विमानं त्यांच्या जमिनीवरून अवघ्या ८३ फुटांवरून धावपट्टीकडे उतरत. घाबरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मरत. तशा सुमारे १५० मेल्या आणि कुटुंबाला तो व्यवसाय सोडावा लागला. १९४६ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या. जमिनीचा मालक आभाळापर्यंत मालक असतो, हे जुनं तत्त्व विमानांच्या जगात चालणार नाही. पण जमिनीलगतच्या हवेवर, तिचा उपभोग घेण्यापुरता, मालकाचा हक्क आहेच. तो हक्क किती उंचीवर संपतो, हे न्यायालयाने आकड्यात सांगितलं नाही. तेव्हा तशी गरजही भासली नसेल, कारण उंच उडणारी विमानं आणि जमिनीवरची माणसं यांच्यामध्ये मोठी पोकळी होती. आज ड्रोनला साधारणपणे ४०० फुटांखाली, म्हणजे सुमारे १२० मीटरखाली, उडू दिलं जातं. नेमकी तीच पोकळी भरू लागली आहे. तिथे जुना कायदा अस्पष्ट आहे आणि नवे नियम बहुतांशी विमान वाहतूक खात्यांनी लिहिलेले आहेत.

विमान वाहतूक खातं टक्कर टाळण्यासाठी असतं. ते काम ते चोख करतं, म्हणूनच त्याच्याकडून बाकीच्या अपेक्षा करणं चूक आहे. ‘पार्ट १०७’ लिहिताना अमेरिकेच्या प्रशासनाने खासगीपणाचा प्रश्न त्यात घेतला नाही. ऑस्ट्रेलियाच्या सुरक्षा प्राधिकरणाच्या कक्षेत आवाज येत नाही. ड्रोन कोसळणार नाही एवढी खात्री झाली की परवाना मिळतो. तो दिवसातून किती वेळा घोंघावतो आणि काय पाहतो, हे विचारायला त्या खिडकीवर कोणी बसलेलंच नसतं.

आवाजाची तक्रार किरकोळ वाटते, पण मला ती फार महत्त्वाची वाटते. नासाच्या लँगली केंद्रात २०१७ साली एक प्रयोग झाला. लोकांना ड्रोनचे आणि रस्त्यावरच्या वाहनांचे आवाज ऐकवले गेले. मोजमापाने आवाज तेवढाच असतानाही ड्रोनचा जास्त त्रासदायक वाटला. आवाज किती डेसिबल आहे एवढ्यावर नियम बेतला, तर माणसाला खरोखर होणारा त्रास त्यात उतरत नाही. २०१८ साली कॅनबेराच्या बॉनिथन या उपनगरात ‘विंग’ कंपनीने घरपोच ड्रोनची चाचणी सुरू केली, तेव्हा रहिवाशांनी हीच कैफियत मांडली. अंगणात बसवत नाही, कुत्री बिथरतात. तिथल्या विधानसभेच्या समितीला चौकशी करावी लागली. कंपनीने पुढे कमी आवाजाचे पंखे तयार केले, हे नमूद करायलाच हवं. पण तक्रारी झाल्या म्हणूनच ते झालं, हेही विसरता येत नाही.

शिवाय इथे एक हिशोब हमखास चुकतो. परवाना एका ड्रोनच्या उड्डाणाचा विचार करून दिला जातो आणि त्रास होतो तो सगळ्यांच्या बेरजेचा. दिवसातून एकदा जाणाऱ्या ड्रोनकडे मुलं कौतुकाने बघतात. दर चार मिनिटांनी एक गेला तर घर विकायचा विचार मनात येतो. त्यातही भार सारखा वाटला जात नाही. ज्या केंद्रातून ड्रोन उडतात, त्याच्या शेजारच्या घरांवरून प्रत्येक फेरी जाते, मग ती वस्तू कोणाच्याही दारात पडो. केंद्र स्वस्त जागेवर उभं राहणार हे उघड आहे आणि जागा स्वस्त असते तिथे कोण राहतं, हेही आपल्याला माहीत आहे.

कॅमेऱ्याचा प्रश्न वेगळा. वाट शोधायला ड्रोनला कॅमेरा लागतो, तो काढून घ्या म्हणणं निरर्थक आहे. स्वीडनमध्ये २०१६ साली सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने कॅमेरा लावलेला ड्रोन म्हणजे पाळतीचा कॅमेराच, असा निकाल दिला. हवाई चित्रीकरणावर जगणारे लोक एका दिवसात अडचणीत आले आणि पुढच्या वर्षी कायदा बदलून खासगी वापराला सूट द्यावी लागली. एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी मारण्यापेक्षा साधा नियम करता येतो: ज्या कामासाठी चित्र घेतलं, त्याच कामासाठी ते वापरायचं आणि काम संपलं की पुसायचं. एका कामासाठी घेतलेलं चित्र भलत्याच कामाला वापरलं जाईल, हे काल्पनिक भय नाही. अमेरिकेत घरांच्या छपरांची आकाशातून घेतलेली छायाचित्रं पाहून विमा कंपन्यांनी पॉलिसीचं नूतनीकरण नाकारल्याची प्रकरणं घडली आहेत. औषधाची पुडी पोचवायला निघालेल्या ड्रोनने वाटेतली छपरं, अंगणं, उभ्या गाड्या टिपाव्यात आणि ती माहिती दुसऱ्या कंपनीला विकली जावी, हे तंत्राच्या दृष्टीने आजच सोपं आहे. म्हणून ते आजच बेकायदा ठरवायला हवं.

पैशाची कसोटी मी वर नाकारली. एका जागी मात्र ती मला हवी आहे. कोण उडू शकतो हे ठरवायला ती निरुपयोगी आहे, पण कोणी आपलं नाव उघड करायचं, हे ठरवायला तिच्याइतकी नेमकी दुसरी कसोटी नाही. अमेरिकेत मार्च २०२४ पासून नोंदणी लागणाऱ्या बहुतेक ड्रोननी उडताना आपला क्रमांक आणि ठिकाण प्रसारित करावं, या नियमाची अंमलबजावणी होते. साध्या मोबाइलवरही तो क्रमांक पकडता येतो. पण क्रमांकावरून मालकाचं नाव शोधण्याचा अधिकार फक्त यंत्रणांना आहे. हौशी माणसाच्या बाबतीत ते योग्यच आहे. त्याचा पत्ता कोणाच्याही हाती लागणं धोक्याचं आहे. कंपनीला असा आडोसा कशाला? मालवाहू ट्रकच्या दारावर वाहतूकदाराचं नाव रंगवलेलं असतं आणि त्यावर कोणी आक्षेप घेत नाही. धंद्याचा ड्रोन डोक्यावर आला की तो कोणाचा, कशासाठी निघालाय आणि तक्रार कुठे करायची, हे खालच्या माणसाला जागच्या जागी कळलं पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, की वाईट हेतूने उडवणारा नाव थोडंच सांगणार? खरं आहे. २०१८ च्या डिसेंबरात ड्रोन दिसल्याच्या बातमीने लंडनचा गॅटविक विमानतळ ठप्प झाला, सुमारे १,००० उड्डाणं आणि १,४०,००० प्रवासी अडकले, आणि त्यासाठी आजवर कोणालाही शिक्षा झालेली नाही. पण प्रामाणिक ड्रोन आपलं नाव सांगत उडू लागले, तर गप्प उडणारा चटकन वेगळा ओळखता येतो. सगळेच मुके असलेल्या आकाशात चोर शोधणं जास्त कठीण आहे. आणि हे निर्मात्यांच्या मर्जीवरही सोडता येत नाही. ड्रोनच्या बाजारात सर्वांत मोठ्या असलेल्या डीजेआयने २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या आपल्या ड्रोनमधली एक सोय काढून टाकली. त्या सोयीमुळे विमानतळासारख्या मनाई असलेल्या जागी ड्रोन आपोआप अडत असे. आता फक्त सूचना दिसते. ती सोय कंपनीने स्वतःहून दिली होती, म्हणून स्वतःहून काढताही आली.

विम्याबद्दल फार बोलायची गरज नाही. ‘पार्ट १०७’ खाली अमेरिकेत तो सक्तीचा नाही, हे मला पटत नाही. लोकांच्या डोक्यावरून धंदा करायचा, तर नुकसानभरपाईची तजवीज आधी असावी. जखमी माणसाने चूक कोणाची हे सिद्ध करत बसायची वेळ येऊ नये.

एवढ्या अटी घातल्या तर एका ड्रोनवर पोट भरणारा छायाचित्रकार किंवा मोजणीदार मरेल आणि मैदान मोठ्या कंपन्यांना मोकळं होईल, ही भीती मी गंभीरपणे घेतो. ओल्याबरोबर सुकंही जळतं. म्हणूनच अट माणसांच्या संख्येप्रमाणे वाढत गेली पाहिजे. २५० ग्रॅमच्या आतला ड्रोन जागेच्या मालकाच्या परवानगीने त्याच्याच आवारात उडत असेल, तर नाव आणि विमा पुरे. खाणीत, शेतात, पवनचक्कीभोवती, टाकीच्या आत, जिथे खाली फक्त तेच लोक आहेत ज्यांना हे काम माहीत आहे आणि मान्य आहे, तिथे सरकारने शक्य तितकं बाजूला राहावं. ओझं पडावं ते रोज परक्या घरांवरून शेकडो फेऱ्या मारू पाहणाऱ्यांवर. ते त्यांना पेलवतंही.

त्यांना घालायची पहिली अट मी मार्गाची ठेवेन. केंद्र कुठे असणार, वाटा कोणत्या, दिवसाला जास्तीत जास्त फेऱ्या किती, रात्री किती वाजता थांबणार, हे आधी जाहीर व्हावं आणि त्या वाटांखालच्या लोकांचं म्हणणं स्थानिक संस्थेने ऐकून घ्यावं. त्या संस्थेला फेऱ्या कमी करण्याचा आणि केंद्र हलवायला सांगण्याचा अधिकार असावा. रुग्णालयाच्या रक्ताला यातून वेगळी, वेगवान वाट द्यावी. त्याला कोणाचीच हरकत असणार नाही. बॉनिथनच्या लोकांचं म्हणणं ऐकलं गेलं ते ड्रोन उडू लागल्यावर, चौकशी समितीसमोर. ते आधी ऐकायला हवं, केंद्राची जागा नकाशावर अजून पेन्सिलीनेच आखलेली असते तेव्हा.